उर्फच्या पुढचा शब्द

नारायणगावच्या बाजारपेठेत माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दशक्रियेची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स. तीस-बत्तीस वर्षं दुसऱ्यांची नावं छापण्यात गेली. आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत बसायचो, आता कॉम्प्युटरपुढे बसतो. या सगळ्या वर्षांत मी सर्वांत जास्त छापलेला शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर लोकांना वाटेल ‘शुभविवाह’ किंवा ‘प्रसन्न’. माझा हिशेब वेगळा आहे. माझ्या मते तो शब्द ‘उर्फ’ आहे.

बाहेरच्या माणसाला हे पटायचं नाही. पण आमच्या बाजूला आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत आहे. त्यामुळे एका भावकीत नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव तिन्ही सारखी असलेली दोन-तीन माणसं सहज निघतात. पत्रिकेवर नुसतं कागदावरचं नाव टाकलं, तर निमंत्रण नेमकं कोणाचं तेच कळत नाही. मग उर्फ टाकायचा आणि पुढे गावात चालणारं नाव लिहायचं. कुणी अण्णा, कुणी भाऊ, कुणी पैलवान. हे झाले गोड उर्फ. लंगडा, बोबडा, चोरटा असलेही असतात आणि तेही लोक बिनदिक्कत छापायला देतात. ज्याचं नाव आहे तो बहुधा समोर नसतोच.

मध्यंतरी एक मुलगा आला. निमगाव साव्याचा, अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा. शेवटच्या वर्षाच्या पोरांसाठी टी-शर्ट छापायचे होते. यादीत प्रत्येकाच्या नावापुढे ‘ए.के.ए.’ आणि त्यापुढे काहीतरी भलतंच. मी विचारलं, ही कुठली पदवी? तो हसला. म्हणाला, ऑल्सो नोन ॲज, म्हणजे आपला उर्फच की काका. मी यादी वाचत गेलो. एका नावापुढचा शब्द वाचून थांबलो आणि विचारलं, या पोराला विचारलंस का? त्याने खांदे उडवले. त्यात काय विचारायचं, सगळे त्याला तेच म्हणतात. मी म्हटलं, विचारून ये, मग छापतो. त्याला वाटलं म्हातारं खवट आहे. ते तर आहेच. पण कारण दुसरं होतं.

त्याच्याही आधी एक निवृत्त गुरुजी आले होते, शेजारच्या गावातल्या बौद्ध वस्तीतले. त्यांना जमिनीच्या कामासाठी प्रतिज्ञापत्र टाइप करून हवं होतं. जुन्या दप्तरात त्यांच्या वडिलांचं एक नाव होतं. शाळेत घालताना कुणीतरी तुच्छतेने लिहून टाकलेलं. पुढे वडिलांनी स्वतः ते बदलून घेतलं होतं. अशा कागदावर एक ठरलेलं वाक्य असतं, की अमुक उर्फ तमुक या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे. मी ते सवयीने टाइप केलं. गुरुजींनी वाचलं, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, “कायद्याला लागतं म्हणून सही करतो. पण माणूस एक नाही. ते नाव दुसऱ्यांनी लादलेलं होतं, हे आम्ही घेतलेलं आहे.” ते गेल्यावर मी दुपारभर काही काम केलं नाही.

कारण मीही एका माणसावर एक नाव लादलेलं आहे. ते इथे लिहिणार नाही. लिहिलं, तर आणखी एकदा छापल्यासारखं होईल. एक थाप आणि एक जनावर यांना जोडून तो शब्द झाला होता, एवढं पुरे. आणि त्याचंच सांगायचं नाही, तर मग इतर कुणाचं नाव तरी कशाला.

आमचं गाव खोडदच्या अलीकडे आहे. रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या तबकड्या तेव्हा उभ्या राहिल्या नव्हत्या. कालव्याचं पाणी नुकतंच आलं होतं आणि जिथे बाजरी असायची तिथे ऊस दिसायला लागला होता. वाघ म्हणजे बिबट्या, पण आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. तो असतो लांब पश्चिमेला, डोंगरात, अशी सगळ्यांची खात्री होती. उसात वाघ असतो हे तेव्हा कुणी ऐकलंही नव्हतं.

मी आणि माझा मित्र एका वर्गात होतो, घरं शेजारी शेजारी. शाळा सुटली की दोघं विळे घेऊन बांधावरचं गवत कापायला जायचो. त्या दिवशी ऊन उतरलं होतं पण उजेड भरपूर होता. उसातून तो बाहेर आला आणि बांधावर उभा राहिला. आमच्यापासून दहा-बारा पावलांवर. पिवळा, ठिपक्यांचा, आमच्याकडे बघणारा. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. मी विळा टाकला आणि पळालो. मित्राच्या पायात आदल्या दिवशी बाभळीचा काटा मोडला होता आणि तो लंगडत होता, हे मला माहीत होतं. सकाळी शाळेत जाताना तो माझ्याच खांद्यावर हात ठेवून चालला होता. तरी मी पळालो. एकदाही मागे बघितलं नाही.

मित्र जागचा हललाच नव्हता. जनावर आपोआप उसात शिरलं तेव्हा तो निघाला. मी पारापाशी धापा टाकत बसलो होतो तेव्हा तो आला. डोक्यावर गवताचे दोन्ही भारे, एकावर एक. त्याचा आणि माझा. हातात दोन विळे.

पारावर सात-आठ मोठी माणसं बसली होती. त्याने त्यांना सांगितलं, आमी वाघ पायला. तो ‘आमी’ म्हणाला. मी पळालो हे त्याने सांगितलं नाही. वाघ केवढा होता, कुठे उभा होता, तेही त्याने सांगितलं. माणसं हसायला लागली. कुत्रं असेल, तरस असेल, घरी वेळेवर गेला नाहीस म्हणून थाप मारतोस, असं एकेक जण म्हणू लागला. मग एकाने माझ्याकडे वळून विचारलं, काय रे, तू व्हतास ना बरूबर?

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग तू इथे कसा आणि तो तिथे कसा. माझे वडीलही तिथेच बसले होते. तो माझ्याकडे बघत होता, अगदी निर्धास्त. मी म्हणालो, “मी काय न्हाई पायलं.”

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हशा माझ्या बाजूने झाला तसं मला बळ आलं आणि मी तो शब्द जोडून म्हटला. तिथल्या तिथे सुचला. आख्खा पार हसला. माझे वडीलही हसले. मित्राने माझा विळा माझ्यापुढे ठेवला, माझा भारा उतरवला आणि तो लंगडत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी हजेरीला गुरुजींनी त्याला त्याच नावाने पुकारलं. आठवड्यात ते गावभर झालं. पोरंसोरं बदलतात, नावं मागे पडतात, असं मला वाटलं होतं. ते मागे पडलं नाही. तो मोठा झाला, शेती बघू लागला, कष्टाळू निघाला, पण त्याच्या कुठल्याही बोलण्याआधी लोकांच्या ओठावर हसू यायचं. एकदा त्याने ग्रामसभेत सांगितलं की पाण्याच्या टाकीला तडा गेलाय. कुणीतरी मागून तो शब्द उच्चारला आणि सभा पुढच्या विषयाकडे गेली. टाकी पावसाळ्याआधीच गळायला लागली. तरी कुणी त्याला म्हटलं नाही की तुझं खरं होतं. त्याला मुली बघायला सुरुवात झाली तेव्हा दोन ठिकाणांहून विचारणा आली, की माणूस बोलण्याचा खरा आहे ना, असं नाव का पडलं? तिसऱ्या ठिकाणी जमलं. ते लोक लांबचे होते.

आणि पुढे वाघ आलेच. उसाबरोबर वाढत गेले. शेळ्या गेल्या, कुत्री गेली, मग त्याहून वाईट बातम्या यायला लागल्या. आज आमच्याकडे पिंजरा लावल्याची बातमी कुणी मान वर करूनही ऐकत नाही. पोरं मोबाइलवर बिबट्याचे व्हिडिओ बघत जेवतात. इतकं सगळं झालं, पण त्याने एकदाही कुणाला म्हटलं नाही की बघा, मी सांगत होतो. मी वाट बघायचो की आता म्हणेल. नाही म्हणाला.

मजा अशी, की नावातली थाप विसरली गेली, जनावर तेवढं उरलं आणि अर्थच हळूहळू उलटला. नव्या पोरांना वाटायला लागलं की या काकांनी कधीकाळी वाघाशी दोन हात केले असणार, म्हणून हे नाव. त्याच्या वाढदिवसाला त्यांनी फ्लेक्स करून घेतला. त्याच्या फोटोमागे डरकाळी फोडणारा बिबट्या. तो फ्लेक्स माझ्याच दुकानात छापला. मी छापला. चौकात तो लागला तेव्हा मित्र त्याखालून मान खाली घालून गेला, असं मला कुणीतरी हसत सांगितलं.

मग त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी. तो स्वतः दुकानात आला, वहीच्या कागदावर नावं लिहून आणली होती. खुर्चीत टेकला आणि मला म्हणाला, माझं नाव साधं लिही, कागदावरचं तेवढंच. मी म्हटलं, बरं. दोघांनाही कळलं होतं तो काय म्हणतोय ते.

आमच्या धंद्यात प्रत्येक भावकीची फाइल असते. माजी सरपंच कोण, चेअरमन कोण, कुणाचं नाव कुणाच्या वर, यावरून भांडणं होतात म्हणून एकदा नीट बसवलेली यादी मोडत नाहीत. नवरा-नवरीचं नाव आणि तारीख बदलायची, बाकी तेच. मी त्याच्या पुतण्याच्या लग्नाची फाइल उघडली आणि त्यात भरत गेलो. त्याला कच्ची प्रत दाखवली. चष्मा घरी राहिला होता. त्याने कागद लांब धरून मुलीचं नाव वाचलं, जावयाचं वाचलं, मांडवाचा पत्ता बघितला आणि म्हणाला, तू हायेस म्हणल्यावर काय बघायचं. मी स्वतः ती प्रत दोनदा वाचली. त्याच्या नावापुढे उर्फ होता आणि त्याच्यापुढे तो शब्द. मला तो खटकला नाही. खोटं कशाला बोलू, मला ती चूक वाटलीच नाही. माझ्या लेखी ते त्याचं नावच होतं.

सातशे पत्रिका छापून बांधून ठेवल्या. त्याने गठ्ठा सोडला, चष्मा लावला आणि वाचलं. रागावला असता तर बरं झालं असतं. परत छापून देतो म्हटलं, पण कार्ड वेगळं होतं, पुण्याहून मागवायला लागणार होतं आणि लग्न जवळ आलं होतं. तो म्हणाला, “एवढा एक कागद तरी बिनउर्फाचा पायजे व्हता. पोरीच्या सासरी जाणार हाय.” मग त्याने विचारलं, तुझ्याकडं पातं हाय का?

छापलेलं अक्षर दाढीच्या पात्याच्या कोपऱ्याने हलकं खरडायचं आणि मग नखाने कागद घोटायचा, म्हणजे जागा फारशी दिसत नाही. खिळ्यांच्या काळातली ही युक्ती त्याला माझ्याच दुकानात बघून माहीत होती. आम्ही दोघं शटर अर्धं ओढून बसलो. दोन दुपारी लागल्या. एक पत्रिका त्याने घ्यायची, एक मी. आधी उर्फ खरडायचा, मग पुढचा शब्द. माझ्या बोटांना ते काम येत होतं, त्याच्या बोटांना नव्हतं. चार-पाच पत्रिकांना भोक पडलं. त्या त्याने नीट घडी घालून खिशात ठेवल्या, कचऱ्यात टाकू दिल्या नाहीत.

दुसऱ्या दुपारी गठ्ठा संपत आला तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, “तुला तरी ठाव हाय ना, त्या दिशी काय व्हतं ते.”

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. हातात पातं होतं आणि पात्याखाली मीच दिलेला शब्द होता. याहून सोपी वेळ माणसाला मिळत नाही. व्हय, वाघ व्हता, मीबी पायला, आन् मी तुला टाकून पळालो. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, “लई जुनी गोष्ट झाली राव ती.”

“व्हय,” तो म्हणाला. “लई जुनी.” आणि पुढची पत्रिका घेतली.

लग्न चांगलं झालं. त्यानंतर तो भेटायचा, चहा व्हायचा, बोलणं व्हायचं. पण ती गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही आणि मीही नाही. गेल्या हिवाळ्यात शेतातून येऊन खाटेवर बसला आणि बसल्या जागी गेला. हृदयाचा झटका.

तिसऱ्या दिवशी त्याची मुलगी दुकानात आली, दशक्रियेचं कार्ड सांगायला. मला काका म्हणते. मी न विचारताच म्हणालो, नाव साधं टाकतो. ती म्हणाली, साधंच टाका. या वेळी मी जुनी फाइल उघडली नाही. एकेक अक्षर नव्याने टाइप केलं. पोरं बिबट्याचा फ्लेक्स मागायला आली, त्यांना मी हाकलून दिलं. आयुष्यात एक काम नीट केलं, असं वाटलं.

कार्डं वाटली गेली आणि माझा फोन वाजायला लागला. खाली मुद्रक म्हणून माझा नंबर असतो. हे कोण गेलं म्हणायचं? या नावाचे तर तिघं हायेत. मी सांगायचो, अमक्याचा मुलगा. नाय लक्षात येत. कालव्याकडचा. कालव्याकडं दोन हायेत. शेवटी मला तो शब्द म्हणावा लागायचा. मग पलीकडून लगेच, अरे देवा, तो व्हय. दिवसभर हेच. कागदावरून मी तो शब्द काढला आणि फोनवर माझ्याच तोंडाने परत परत बोललो.

दशक्रिया नदीकाठच्या घाटावर झाली. आमच्याकडे प्रवचन झालं की माइक फिरतो आणि गावातली मानाची माणसं चार शब्द बोलतात. सगळे त्याच नावाने बोलले, अगदी प्रेमाने. आपला अमुक गेला, असा माणूस व्हणार नाही. मुलगी पुढे बसली होती, मांडीवर लहान लेकरू. मग माझं नाव पुकारलं, बालमित्र म्हणून.

रात्रभर ठरवून गेलो होतो. माइक हातात घेतला आणि सांगितलं. “त्यानं वाघ पायला व्हता. मीबी पायला. मी त्याला सोडून पळालो आन् पारावर येऊन खोटं बोललो. हे नाव मी पाडलंय. ते खोट्यावर पाडलेलं हाय.”

लोक हसले. वाईट हेतूने नाही. म्हाताऱ्याला भरून आलंय, जुनं काहीतरी गमतीचं सांगतोय, असं त्यांना वाटलं. मागून कुणीतरी म्हणालं, वाघ काय, आमच्या गोठ्यात रोजच येतोय. आणखी हशा झाला. मी म्हणत होतो की ऐका, ती गंमत नव्हती, पण सूत्रसंचालकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, माझ्या हातून माइक घेतला आणि पुढच्या वक्त्याला बोलावलं. त्याने सुरुवात त्याच नावाने केली. इतक्या वर्षांनी मी खरं बोललो होतो आणि आता ते कुणालाच नको होतं. ज्याला हवं होतं तो नव्हता.

हसली नव्हती ती फक्त मुलगी. कार्यक्रम संपल्यावर ती लेकराला कडेवर घेऊन माझ्याकडे आली. हळूच विचारलं, “काका, हे आप्पांना कवा सांगितलं व्हतं का तुमी?”

“नाय,” मी म्हणालो.

ती म्हणाली, “पत्रिका खरडून आले ना, त्या दिशी आप्पा जेवले नाय. म्हणले, आज तो बोलंल आसं वाटलं व्हतं.”

ती रागाने बोलली नाही. लेकराचं टोपडं सारखं केलं आणि बायकांमध्ये जाऊन बसली. घाटावर पंगती बसत होत्या. पंगतीतून मला कुणीतरी हाक मारत होतं, माझ्या नावाने, कागदावर आहे त्याच नावाने. गावात माझ्या नावापुढे कधी उर्फ लागला नाही.